बिनपगारी तारमास्तरांची जत्रा

‘हॅम’ ही मुळात शिवी. अमेरिकेतल्या जुन्या तार ऑफिसांत ज्याचा हात जड, ज्याचं टिंब कुठलं आणि रेघ कुठली हे कळत नाही, ज्याच्यामुळे पलीकडच्याला तीन-तीनदा ‘पुन्हा पाठव’ म्हणावं लागतं, अशा माणसाला बाकीचे तारमास्तर हॅम म्हणत. पुढे बिनतारी यंत्रणा आली. शाळकरी पोरं माळ्यावर बसून तारा गुंडाळायला आणि हवेत संदेश सोडायला लागली. पगारी लोकांनी ती शिवी त्यांच्या अंगावर फेकली. पोरांनी ती उचलली, पुसली आणि छातीवर लावली. आज जगभरातले हौशी रेडिओवाले स्वतःला अभिमानाने हॅम म्हणवतात.

मी त्या पगारी लोकांतली. १९८१ साली कराडच्या तार ऑफिसात लागले, तेव्हा टेबलावर संदेश ठोकायची पितळी की होती आणि लाकडी खोक्यात तो ऐकायचा साउंडर. आमच्या मोर्सला ‘पीं पीं’ नव्हतं, कडकट्ट होतं. लोखंडी पट्टी खाली आपटते आणि वर आपटते, त्या दोन आवाजांमधलं अंतर लहान तर टिंब, मोठं तर रेघ. पहिले सहा महिने मला सायकलच्या खडखडाटातही अक्षरं ऐकू यायची. मग टेलिप्रिंटर आले, संगणक आले, आणि १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातल्या शेवटच्या तारा गेल्या. त्या दिवशी काउंटरवर अशी गर्दी होती, की यातल्या निम्म्या लोकांनी आधी वर्षाला एक तार केली असती तर खातं चाललं असतं, असं मी मनात म्हणाले. उघड बोलले नाही. कर्मचारी म्हणून माझी ती शेवटची काही वर्षं होती.

त्यानंतर एका जुन्या सहकाऱ्याने हौशी रेडिओच्या परीक्षेचं डोक्यात घातलं. आपल्याकडे त्यात दोन श्रेणी आहेत. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स यावं लागतं. मिनिटाला आठ! पट्टीच्या पोहणाऱ्याला गुडघाभर पाण्यात उभं करून विचारावं, जमेल का, तसं झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपराने मात्र घाम काढला. परवाना आला, त्यावर ‘व्हीयू टू’ने सुरू होणारं माझं संकेतनाम आलं, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत दहा मीटरची तार बांधली. वीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याला तेवढी पुरते, निम्म्या लांबीची. शेजारणींना वाटलं, कपडे वाळत घालायला.

एवढं सांगितलं, कारण २०२४ च्या मे महिन्यात ओहायोतल्या झीनिया गावी हॅम लोकांच्या मेळाव्याला, हॅमव्हेन्शनला, मी गेले ती भाविक म्हणून नव्हे. मनात थोडा आकस होता. माझं आयुष्य ज्या कामात गेलं, ज्या कामाला सरकारने कुलूप लावलं, ते काम ही माणसं सुट्टीत, मजा म्हणून करतात. बघू तरी कशी करतात.

लेक-जावई सिनसिनाटीजवळ मेसनला राहतात. मेसनहून ४२ नंबरचा रस्ता धरला की लेबनन, वेन्सव्हिल अशी जुनी गावं ओलांडत तो थेट झीनियाला जातो. हे नाव ग्रीक शब्दावरून ठेवलेलं, अर्थ आतिथ्य. “आई, तिथं नऊ वर्षांच्या मुलीनं करायचं काय?” लेकीने विचारलं होतं. नातीला बारा वर्षांखाली म्हणून तिकीट नव्हतं, हे ऐकून जावई म्हणाले, “मग नेऊया की.” जावई पुण्याचे आहेत.

दूरच्या मैदानात गाडी लावून पिवळ्या बसने आत जायचं. बसमध्ये सगळे एकमेकांच्या छातीकडे बघत होते. आधी मला संकोच वाटला, मग उलगडा झाला. प्रत्येकाच्या छातीवर संकेतनामाची पट्टी. चेहरा बघून काय कळणार, ही माणसं एकमेकांना वीस-वीस वर्षं ओळखतात, पण फक्त आवाजाने किंवा हाताच्या लकबीने. माझी ‘व्हीयू’ची पट्टी बघून समोरचे आजोबा सीटवरून पुढे झुकले आणि म्हणाले, “इंडिया! तुमच्याकडचं काही ऐकू येईना हो आठ दिवस.” जणू मीच बटण बंद करून आले होते.

त्याचं कारण आकाशात होतं. १० मेच्या रात्री सूर्यावरून आलेल्या चुंबकी वादळाने पृथ्वीला धडक दिली होती. २००३ नंतरचं सर्वांत मोठं वादळ. त्या रात्री लेकीने मला झोपेतून उठवून मागच्या अंगणात नेलं होतं, घरांच्या वर गुलाबी-हिरवं आकाश थरथरत होतं. तसा लाल उजेड लडाखमध्ये हान्लेलाही दिसला. लोक फोटो काढत होते, आणि हॅम मंडळी कपाळाला हात लावून बसली होती. ओहायोहून कराडकडे जाणारी सरळ वाट भिंतीवरच्या नकाशात अटलांटिकवरून जाते असं वाटतं. गोलावर दोरा ताणून बघा, तो ग्रीनलंड आणि आर्क्टिकवरून जातो. सुमारे १३ हजार किलोमीटर. ध्रुवाजवळ आकाश पेटलं की तिथला वातावरणाचा वरचा थर लहरी परत पाठवायचं सोडून गिळून टाकतो. म्हणजे जे आकाश बघायला मी अंगणात उभी होते, त्यानेच माझ्या गावची वाट बंद केली होती.

फाटकातून आत गेलो आणि मला एकदम ओळखीचं वाटलं. हे जिल्ह्याच्या जत्रेचं मैदान आहे. एरवी इथे गुरांची प्रदर्शनं आणि घोड्यांच्या शर्यती होतात, गोठे आहेत, गवताचा वास आहे. कराड तालुक्यातल्या माणसाला जत्रा शिकवावी लागत नाही, पालच्या खंडोबाला आम्ही लहानपणापासून जातो. जत्रेला येणारे तीन प्रकारचे, हे आमची आजी सांगायची: हौशे, नवशे आणि गवशे. मौजेसाठी येणारे, नवस फेडायला येणारे आणि काही गवसतंय का बघत फिरणारे. इथेही तिन्ही जाती होत्या, फक्त भंडारा नव्हता.

या जत्रेचा इतिहास बघण्यासारखा आहे. शेजारचं डेटन हे राइट बंधूंचं गाव. तिथल्या हौशी रेडिओ संघाने १९५२ मध्ये बिल्टमोर हॉटेलात पहिला मेळावा भरवला, तेव्हा सहाशेच्या आसपास माणसं आली. १९६४ पासून मेळावा हारा अरीना नावाच्या मोठ्या दालनात गेला. हॅरॉल्ड आणि राल्फ या दोन भावांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ते नाव पडलं होतं. बावन्न वर्षं ही मंडळी तिथे जमली, छत गळलं तरी जमली, आणि २०१६ मध्ये ते दालन बंद पडलं तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखी हळहळली. २०१७ पासून झीनिया. त्या पहिल्या वर्षीच्या चिखलाच्या गोष्टी मला पहिल्या तासाभरात चार जणांनी सांगितल्या. कुणाचा बूट रुतला, कुणाची गाडी. तक्रार करताना चेहरे मात्र फुललेले. हारा अरीनावर २०१९ मध्ये चक्रीवादळ येऊन गेलं. झीनियाला तर ३ एप्रिल १९७४ च्या वादळाने अर्धं उद्ध्वस्त केलं होतं, तीसहून अधिक माणसं गेली. फोनच्या तारा तुटलेल्या असताना तेव्हाही बाहेर निरोप पोचवायला हॅम पुढे आले होते. आपल्याकडे १९९३ ला किल्लारीला आणि २००१ ला भूजला असंच झालं. संकट आलं की या लोकांची आठवण होते, आणि निवळलं की शेजारी पुन्हा गच्चीवरच्या तारेबद्दल कुरकुर करू लागतात.

इमारतींना नावं आहेत: मॅक्सिम, टेस्ला, मार्कोनी, व्होल्टा, हर्ट्झ. मॅक्सिम म्हणजे हायरम पर्सी मॅक्सिम, ज्यांनी १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशींची संघटना उभी केली. मी जगदीशचंद्र बोसांच्या नावाची पाटी शोधत राहिले. दिसली नाही. कलकत्त्यात १८९५ ला त्यांनी बिनतारी लहरींनी घंटा वाजवून दाखवली होती. पण बोसांनी त्याचा धंदा केला नाही, पाट्या लागतात त्या वेगळ्या माणसांच्या.

आतल्या दालनांबद्दल फार लिहीत नाही. चकचकीत आहेत. जपानी कंपन्यांचे सेट, त्यांच्या पडद्यावर निळ्या धबधब्यासारखा वाहणारा सगळा पट्टा, किमती अशा की जावयांनी त्र्याऐंशीने गुणायचं मध्येच सोडून दिलं. गर्दी मुंबईच्या लोकलसारखी, पण प्रत्येक धक्क्याला ‘सॉरी’. एका कोपऱ्यात मात्र पाय थांबले. इटलीतल्या ब्रेशियाच्या बेगाली कंपनीच्या मोर्स कींचं टेबल. पितळेच्या, सोन्याच्या मुलाम्याच्या, दागिन्यांसारख्या मांडलेल्या. जवळ हेडफोन, कुणीही बसा, वाजवून बघा. मी बसले. चाळीस वर्षांचा हात आहे, म्हटलं दाखवूया.

हात तोंडावर आपटला. त्या की आमच्यासारख्या वरून दाबायच्या नसतात. दोन पात्यांची चिमूट असते. अंगठ्याने एक पातं दाबलं की टिंबांची माळ सुटते, बोटाने दुसरं दाबलं की रेघांची, लांबी यंत्र ठरवतं. मी माझं नाव पाठवायला गेले आणि यंत्राने पाऊस पाडला. शेजारी चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता, तो तेच पातं असं हलवत होता, जणू चिमटीने रांगोळी सोडतोय. मिनिटाला तीस शब्द सहज. मी मनात म्हणाले, हॅम कोण आहे ते आज कळलं.

त्या मुलाला मोर्स शिकायची सक्ती नव्हती. अमेरिकेत परीक्षेतून मोर्स २००७ मध्येच काढून टाकलं. “मग शिकलास कशाला?” मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. “मजा येते म्हणून,” तो म्हणाला, आणि पुन्हा हेडफोन लावले. आम्हाला मोर्स शिकताना कुणी मजेचं विचारलं नव्हतं, वेग नाही आला तर नोकरी पक्की होणार नाही, एवढंच सांगितलं होतं.

मोर्सवाल्यांचा इथे सर्वांत मोठा राग एफटी-एट नावाच्या पद्धतीवर. त्यात संगणकच संगणकाशी बोलतो. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण इशारा गोंगाटातून गणिताने वेचायचा, माणसाने फक्त टिचकी मारायची. २०१७ मध्ये ही पद्धत काढणाऱ्या दोघांपैकी एक जोसेफ टेलर, ज्यांना जोडताऱ्यातल्या पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेलवाला माणूस हौसेखातर हे करत बसतो, याचं मला कौतुक वाटलं. पण “यात माणूस कुठाय?” असं एक गृहस्थ तावातावाने बोलत होते, तेव्हा मान हलवता हलवता मी थांबले. हेच वाक्य मी ऐकलं होतं. आमच्याकडे टेलिप्रिंटर आला तेव्हा निवृत्तीला आलेले एक तारमास्तर माझ्याकडे बघून हेच म्हणाले होते, आणि टेलिप्रिंटरवर बसलेली पोरगी मी होते.

दुपारी मैदानाच्या मधल्या भागात गेलो. घोड्यांच्या शर्यतीच्या गोल रस्त्याच्या आत जुना बाजार भरतो, आणि खरी जत्रा ती. ओळीच ओळी. गाड्यांची मागची दारं उघडी, घडीची टेबलं, ताडपत्र्या, आणि त्यांवर गेल्या शंभर वर्षांचं रेडिओचं पोट फाडून मांडलेलं. व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर, मीटर, बारा-बारा किलोचे ट्रान्स्फॉर्मर. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अवजड सेटना हे लोक ‘नावेचे नांगर’ म्हणतात, दुसऱ्या कशाच्या उपयोगाचे नाहीत म्हणून, आणि तेच दोघांनी उचलून मोटारीपर्यंत नेताना दिसतात. हॅलिक्राफ्टर्स, कॉलिन्स, हीथकिटचे घरी जुळवलेले सेट, आणि इथून जवळच्याच मायामिस्बर्गचे ड्रेक. ड्रेकच्या टेबलापाशी स्थानिक माणसं जरा जास्त रेंगाळतात, आपल्याकडे किर्लोस्करांच्या जुन्या पंपाला शेतकरी हात लावून जातो तसं.

हौसेला मोल नाही म्हणतात, ते खोटं आहे. इथे प्रत्येक हौसेला चिकटपट्टीवर लिहिलेलं मोल होतं आणि त्यावरही घासाघीस चालू होती.

काही टेबलांवर दोन अक्षरं लिहिलेली होती: एसके. सायलेंट की. गप्प झालेली की. हॅम माणूस वारला की त्याला असं म्हणतात. मागे राहिलेली बायको किंवा मुलं त्याचा पसारा इथे आणतात. अशाच एका टेबलामागे पन्नाशीतली एक बाई बसली होती. वडिलांचं सामान. सेट विकले गेले होते, उरली होती नोंदवह्यांची चळत आणि बुटांच्या खोक्यांत भरलेली कार्डं. एखाद्याशी संपर्क झाला की दोघं एकमेकांना पोस्टकार्ड पाठवतात, त्यावर तारीख, वेळ आणि इशारा किती स्वच्छ, किती जोरात आला त्याचे तीन आकडे. मी खोक्यात बोटं फिरवू लागले आणि नातीने एक कार्ड ओढून काढलं. गेटवे ऑफ इंडियाचं चित्र. मुंबईहून आलेलं, साल १९८६, मोर्सवरचा संपर्क, नोंद पाच-सात-नऊ. म्हणजे अक्षर न् अक्षर कळलं, जोर बऱ्यापैकी, सूर शुद्ध.

“त्या दिवशी आम्हाला जेवायला उशीर झाला होता,” ती बाई म्हणाली. मला वाटलं गंमत करते आहे. ती म्हणाली, “खरंच. भारत लागला की बाबा उठायचेच नाहीत. आई ताट झाकून ठेवायची.” कार्ड तिने मला देऊ केलं. मी घेतलं नाही. ते तिच्या वडिलांना आलेलं पत्र होतं. आता वाटतं, घ्यायला हवं होतं. तिच्या हातून ते पुढे कुठे गेलं असेल कोण जाणे.

तिथेच मागून कुणीतरी “व्हीयू फोर!” असं ओरडलं. माझ्या पट्टीवरचं ‘टू’ त्यांना चष्म्याशिवाय ‘फोर’ दिसलं होतं. व्हीयू फोर म्हणजे अंदमान. तिथून १९८७ नंतर हौशींचं प्रसारणच नव्हतं, त्यामुळे जगभरातले लोक त्या संपर्कासाठी टपून बसलेले. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला एक तुकडी घेऊन गेल्या. हजारो संपर्क झाले. २६ तारखेच्या पहाटे जमीन हादरली आणि मग त्सुनामी. फोन, वीज, सगळं गेलं. हौसेसाठी नेलेले तेच सेट निरोपाचे झाले, बेटांवर कोण वाचलं हे मुख्य भूमीवरच्या घरांना कळायला लागलं. हे गृहस्थ त्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याशी बोलले होते. “अर्धं मिनिट,” ते म्हणाले. वीस वर्षं झाली, ते अर्धं मिनिट त्यांना पाठ होतं. मी अंदमानची नाही हे कळल्यावर थोडे हिरमुसले, पण हात सोडला नाही.

आणि मग तो आवाज आला. गर्दीत, जनरेटरच्या घरघरीत, तीन-चार टेबलांपलीकडून. कड, कट्ट.

मी नातीचा हात सोडून तिकडे गेले. लेक मागून “अगं आई, थांब” म्हणत होती. लाकडी चौकोनी खोकं, एक बाजू उघडी, आत साउंडर, आणि साउंडरच्या मागे खोचलेला लाल पत्र्याचा तंबाखूचा डबा, ‘प्रिन्स अल्बर्ट’ छापाचा. डब्याने आवाजाला धार येते. कराडला आम्ही बिस्किटाच्या डब्याचं झाकण खोचायचो, साहेब आले की काढायचो. टेबलामागे शहाऐंशी वर्षांचे आजोबा. सतराव्या वर्षी इंडियानात रेल्वेच्या तारेवर लागलेले. गाड्यांचे हुकूम मोर्सवर घ्यायचे, पातळ कागदावर लिहायचे आणि बांबूच्या कडीत अडकवून धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला हात वर करून द्यायचे. आमच्या पुणे-मिरज मार्गावर स्टेशनात टोकनची कडी अशीच द्यायचे, हे मी सांगितलं. मग आम्हा दोघांना कुणी ओळख करून द्यायची गरज उरली नाही.

“ऐका,” म्हणाले आणि की वर हात ठेवला. हात काय होता! एकसारखा, सैल, मनगटातून. आणि मला एक अक्षर कळेना. इ, इ, एच, आय, इ, इ. मी पुन्हा पाठवायला सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी राज्याचं नाव पाठवलं होतं: ओहायो. अमेरिकेच्या रेल्वेचा मोर्स म्हणजे मूळचा, जुना मोर्स. जगाने नंतर वेगळी सुधारलेली लिपी घेतली, आम्हीही तीच शिकलो. त्यांच्या जुन्या लिपीत ‘ओ’ म्हणजे टिंब, जराशी फट, टिंब. माझ्या कानाला ते दोन ‘इ’. मी माझ्या गावाचं नाव पाठवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि वहीत लिहिलं: कफाड. आमचा ‘आर’ त्यांच्यात ‘एफ’ असतो. नात इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. पुढे घरी मला दोन दिवस ‘कफाडची आजी’ अशीच हाक होती.

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही हॅम लोक ‘आणि’ कसं पाठवता? मी म्हटलं, इ-एस. “का?” मला माहीत नव्हतं. हॅम मंडळींत आल्यापासून पाठवत होते, कधी विचारलं नव्हतं. त्यांनी की वर वाजवून दाखवलं: टिंब, फट, तीन टिंबं. जुन्या अमेरिकी मोर्समधलं ‘आणि’चं चिन्ह. नव्या लिपीत त्याला चिन्हच नव्हतं, पण लोकांच्या हाताला सवय होती, ते तसंच वाजवत राहिले आणि ऐकणाऱ्याला ते ‘इ’ आणि ‘एस’ ऐकू आलं. रेल्वेच्या तारा कधीच उतरवून भंगारात गेल्या. त्यांचं ‘आणि’ मात्र रोज हवेतून जातं, कराडच्या गच्चीवरूनही.

हॅम लोक निरोप घेताना ‘७३’ म्हणतात, स्नेहपूर्वक नमस्कार अशा अर्थाने. तेही तारवाल्यांचंच. वेस्टर्न युनियनने १८५९ मध्ये वेळ वाचवायला नेहमीच्या वाक्यांना आकडे दिले, त्या यादीतला हा एक. हे ऐकल्यावर मला बोलल्याशिवाय राहवेना. आमच्याकडेही आकडे होते! काउंटरवर यादी लावलेली असायची. लग्नाची तार करायला आलेला माणूस म्हणायचा, आठ नंबर पाठवा. आठ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा. तार म्हटलं की घरात आधी रडारड व्हायची, म्हणून पोस्टमन लांबूनच ओरडायचा, “आठ नंबर आहे, आठ नंबर!” निदान आमचा तरी ओरडायचा. “आणि एक नंबर?” आजोबांनी विचारलं. एक नंबर म्हणजे दिवाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमचे हात नुसते एक-एक-एक करून दुखायचे.

दिवाळी काय असते हे समजावायला मात्र मला तारेची सवय आड आली. दिवे, फराळ, फटाके, एवढ्या तीन शब्दांत आटपलं. वेस्टर्न युनियनची शेवटची तार २००६ च्या जानेवारीत गेली, हे त्यांना तारखेसह माहीत होतं. आमची त्यानंतर साडेसात वर्षं चालली, हे ऐकून त्यांनी टोपी काढली. मला एकदम वाटलं, ते मी चालवलं होतं.

साउंडरला साठ डॉलर लावले होते. जावई पंचेचाळीसवर आले, आजोबा पंचावन्नवर. मी मध्ये पडले आणि साठच दिले, याबद्दल घरी बोलणी खाल्ली. आजोबांनी खोकं वर्तमानपत्रात गुंडाळलं, थांबले, पुन्हा उघडलं आणि मागचा तंबाखूचा डबा जरा घट्ट खोचला. त्याचे पैसे वेगळे नव्हते. नातीसाठी शेजारच्या टेबलावरून मोर्स सरावाचा छोटा संच घेतला. बटण दाबलं की ‘पीं’ वाजतं, एवढाच. तो तिने आणि जावयांनी त्या रात्री स्वयंपाकघरात बसून डाख देऊन जुळवला. ओट्यावर एक काळा डाग अजून आहे.

त्या वर्षी मेळाव्याला ३५,८७७ माणसं आली, असं आयोजकांनी नंतर सांगितलं. त्यांत बायका थोड्या. हॅम भाषेत बाईला ‘वायएल’ म्हणतात, तरुण मुलगी, वय काहीही असो. पुरुष मात्र पंधराव्या वर्षीच ‘ओएम’, म्हातारबुवा. चौसष्टाव्या वर्षी मला तीन दिवस सगळे तरुण मुलगी म्हणत होते, त्यामुळे या पद्धतीवर मी टीका करणार नाही.

साउंडर आता कराडला टेबलावर आहे. विमानतळावरच्या तपासणीत खोकं दोनदा उघडलं, तंबाखूचा डबा हुंगून बघितला, रिकामा म्हणून सोडला. नातीचा संच मेसनलाच. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती बटण वाजवते आणि मी लिहून घेते. नरक चतुर्दशीच्या पहाटे, म्हणजे तिच्याकडे आदल्या संध्याकाळी, तिने मला तार केली. एक टिंब आणि रेघा. मी मोजल्या. टिंब, रेघ, रेघ, रेघ. एक रेघ कमी पडली, एकचा ‘जे’ झाला.

“आजी, कळलं ना?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “नाही कळलं. पुन्हा पाठव.”